तीच प्रश्नावली, दुसरी उत्तरं

बजाजनगर, २ सप्टेंबर २०२५

ती. स्व. केसर आत्यास, करुणाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर ओरडले असते, म्हणून पत्र लिहितेय. तुमच्या शाळेतल्या पोरांनी माझा पार घात केला. 'डब्यात नेहमी काय असतं?' ही प्रश्नावली पंधरा दिवसांनी पुन्हा भरून घ्यायची. उत्तरं जुळली तरच ती भरवशाची, असं आमचं शास्त्र. पहिल्या खेपेला वर्गभर चहा-खारी आणि चिप्सचं पाकीट. दुसऱ्या खेपेला त्याच पोरांनी मेथी, मटकी आणि उकडलेली अंडी लिहिली! गाईड सर म्हणाले, प्रश्नावली बाद. म्हणजे माझी पीएच.डी. पाण्यात.

तू शाळा समितीची अध्यक्ष. पोरं खोटं का बोलली, जरा कान पिळून विचार. बाबांचा गुडघा बरा आहे. माया आहेच, ती वाढू दे.

तुझी,
करुणा

कन्नड, ९ सप्टेंबर

चि. करुणाला अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पिळायचे तर माझे कान पीळ. पोरं दोन्ही वेळा खरंच बोलली. तू पहिल्यांदा येऊन गेलीस आणि दगडाबाईच्या नातीनं, मोनिकानं, काय लिहून दिलं ते मला सांगितलं. माझं डोकंच फिरलं. आपलीच भाची शहरात आपली अब्रू काढणार! सगळ्या आयांना बोलावून दम दिला, की करुणा पुन्हा यायलीय, डबे नीट भरा. दगडाबाई म्हणाली, व्हय, पाहुणी येणार म्हटल्यावर घर सारवावंच लागतं. मग काय, घरोघरी अंडी उकडली.

तुझी प्रश्नावली चोख आहे गं. सर रागावले तर माझं नाव सांग. आत्यावरचा लोभ कमी करू नको.

तुझी,
केसर आत्या

बजाजनगर, १५ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास सविनय जयभीम. वि. वि.

सर पोट धरून हसले. म्हणाले, दुसरी खेप सोडून द्या आणि न सांगता पुन्हा जा. तेव्हा मी येईन, पण कधी ते सांगणार नाही. तू आता गप्प बस. डबे पहिल्यासारखे होऊ देत, म्हणजे उत्तरं जुळतील. राग नसावा, लोभ असावाच.

तुझी,
करुणा

कन्नड, २२ सप्टेंबर

चि. करुणाला आशीर्वाद आणि जयभीम.

डबे केव्हाच पहिल्यासारखे झालेत. मोनिका मात्र रोज विचारते, ताई पुन्हा कधी येणार? मला वाटलं, पोरीला तुझा लळा लागला. काल खरं बोलली. ताई येणार असली, की अंडं मिळतं.

मला लई वाईट वाटलं गं. तुझ्या पीएच.डी.साठी तू सिल्लोडची एखादी शाळा बघ. इथं मी दर रविवारी गल्लीभर सांगत सुटणार आहे, की उद्या करुणा येतेय.

रागाव, पण माया तोडू नको.

तुझी,
केसर आत्या