दक्षिणेकडची झाडं

प्रिय कुंदन,

पत्राच्या डोक्यावर 'प्रिय' घालावंच लागतं म्हणून घातलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "ताई, टेन्शन नको घेऊ" म्हणतोस आणि विषय बदलतोस. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही.

तू गावभर सांगत फिरतोयस की ताईचं घर कसं थंडगार, आई तिथे सुखात राहील, आणि आत्ता ती राहते ते आपलं सारसोळ्याचं जुनं घर पाडून तिथे इमारत उठेल. तर आधी त्या थंडगार घराविषयीच बोलू. जमिनी विकण्याचा तुझा धंदा, तो प्लॉटही तूच आम्हाला दाखवलास. महाप्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, फॉरेस्टच्या झाडांना अगदी खेटून. भर मे महिना, दुपारची वेळ. कुंपणावरून आत आलेल्या जांभळाच्या फांदीखाली तू चटई टाकलीस, ताडगोळे सोलून हातात दिलेस आणि ह्यांना म्हणालास, "भावजी, सावली फुकटची हाय, तिचं काय नाय लावत." ह्यांची कंपनी तिथून जवळ, त्यामुळे हे तर लगेच पाघळले.

आणि मी काय बघितलं? चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. खारट लागली नाही, झालं, माझं समाधान! आपण मिठागरातली माणसं. बाबांनी जमीन पारखायची तेवढीच रीत शिकवली, माती चाखायची आणि भरतीचं पाणी कुठवर चढतं ते विचारायचं. झाड कुठल्या अंगाला आहे हे बघायला आपल्याला कोण शिकवणार? आपल्या जमिनीत झाडच नव्हतं. त्या पांढऱ्या उन्हात तळपाय भाजत वाढलेली पोरगी मी, मला सावली म्हणजे श्रीमंती वाटली. हे तुला पक्कं माहीत होतं, म्हणून तर तू चटई बरोबर आणली होतीस.

मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो रे. झाडाची सावली तेव्हा झाडाच्या पायाशीच गोळा झालेली असते, चटईपुरती. घर बांधून झालं आणि दसऱ्यानंतर ती सावली चालत निघाली. दिवाळीला ओट्यावर आली, मार्गशीर्षात भिंत चढून स्लॅबवर जाऊन बसली. झाडं सगळी दक्षिणेला, शिवाय डोंगराचा चढही तिकडेच, आणि थंडीतला सूर्य तिकडूनच खालून खालून जाणारा. संक्रांतीनंतर ऊन तिळातिळाने वाढतं म्हणतात; आमच्या घरात ते मुळात तिळाएवढंच येतं. भिंतींना बुरशी, गाद्यांना ओल, सुकट मऊ पडून तिला अळ्या. पोरीचा युनिफॉर्म दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वासाचाच घालून तिला शाळेत पाठवते. फांद्या तरी छाटू म्हणून हे कोयता घेऊन गेले, तर फॉरेस्टच्या गार्डने दम भरला की सरकारी झाडाला हात लावाल तर केस होईल.

इतकं होऊनही मी तुला दोष दिला नव्हता. म्हटलं, कुंदन तरी कुठे जंगलात वाढलाय, त्याला काय कळणार. मग गेल्या संक्रांतीला तुमच्या सीवूड्सच्या फ्लॅटवर हळदीकुंकवाला आले. गॅलरीत ऊन नुसतं सांडलं होतं, जयमालाचे पापड-कुरडया खडखडीत वाळत होत्या. मी कौतुक केलं तर तुझी बायको भाबडेपणाने म्हणाली, "आमच्या ह्यांची हुशारी! बोलले, थंडीत ऊन दक्षिणेकडनं येतं, त्या अंगाला मोकळा असेल तोच फ्लॅट घ्यायचा." तो फ्लॅट तू मला प्लॉट विकण्याच्या आधी घेतलास, कुंदन. हातात वाण तसंच राहिलं. तेव्हा कुठे लक्षात आलं की दिवाळी झाली की तू आमच्या गल्लीत गिऱ्हाईक फिरकू देत नाहीस. परक्याला टोपी घातली असतीस तर धंदा म्हणून सोडून दिलं असतं. पण मी तुला कडेवर घेऊन मिठागराच्या बांधावरून फिरवलंय. तुझा मला राग येतो म्हणणं कमी पडेल, मला तुझी किळस येते.

तरी तोंड शिवून बसले, माहेर तुटायला नको म्हणून. पण त्यानंतर आई महिनाभर माझ्याकडे राहिली, ते तर तुझ्या डोळ्यांदेखत झालं. सकाळी उठून ती स्वतः खुर्ची उचलायची आणि रस्ता ओलांडून ऊन गाठायची. येणारे-जाणारे मला बोल लावायचे की लेकीने म्हातारीला घराबाहेर बसवलंय. आठवड्यात तिचा दमा उसळला. छातीतली घरघर पलीकडच्या खोलीत ऐकू यायची. तू भेटायला आलास तेव्हा डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं, आजींना ओलीत ठेवू नका, पुढच्या खेपेला हाताबाहेर जाईल. तू मान डोलावलीस, आणि आता तिलाच कायमची माझ्याकडे धाडायला निघालायस. तुझ्या गॅलरीत एक खाट मावत नाही का? की जयमालाच्या कुरडयांना जागा कमी पडेल?

तर आता ऐक. सारसोळ्याच्या घरावरचा हक्क सोडण्याच्या कागदावर तुला माझी सही हवी आहे, ती मिळणार नाही. आणि आईला रिक्षात घालून महाप्याकडे निघू नकोस, मी तिथे नाही. हे पत्र मी सारसोळ्याहून लिहितेय. परवाच पोरीला आणि भांडीकुंडी घेऊन इथे राहायला आले. हे मात्र कामाच्या दिवसांत तिकडे राहतील आणि सुट्टीला इथे येतील. ओट्यावर ऊन आलंय आणि आई त्यात पाठ शेकत बसली आहे. इथे तिला धाप नाही. सोमवारी तुझी माणसं घर पाडायला येणार हे शेजारच्या पुतळाकाकूने सांगितलं, तेव्हा मला वाटलं आई रडेल. ती रडली नाही. मला म्हणाली कागद घे आणि लिही. एवढं सगळं मी माझ्या मनाचं लिहिलं, तिचं म्हणणं एका वाक्याचंच आहे, ते जसंच्या तसं देते: "त्याला सांग, आदी मना म्हातारीला उचल, मंग घराच्या भिंतीला हात लाव."

तुझीच थोरली बहीण,
जागृती