ग्लेबची रशियन

८ जानेवारी

आज जेवताना पुन्हा तेच! सरकारांनी ग्लेबला रशियनमध्ये विचारलं, "बर्फाच्या घसरगुंडीवर गेला होतास ना? कोण कोण होतं?" आणि हा सूपाकडे बघत म्हणतो, "गेला. बर्फ. चांगलं." बस्स. सरकारांनी चमचा खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "मिस प्राइस, माझा मुलगा माझी भाषा परदेशी पाहुण्यासारखी बोलतो."

आजीसाहेबांनी फ्रेंचमध्ये विचारलं, पोरगं जरा मंद तर नाही ना? तेही त्याच्या तोंडावर, त्याला नीट कळणाऱ्या भाषेत. मंद म्हणे! आजीसाहेबांशी फ्रेंच, पियानोच्या मास्तरांशी जर्मन, माझ्याशी इंग्रजी — सगळं घडाघडा बोलतो. आपल्या बापाची भाषा तेवढी याच्या जिभेवर बसत नाही.

या घराण्यात हे नवं नाही म्हणा. सरकार स्वतः लहानपणी एका स्कॉटिश बाईच्या हाताखाली वाढले. अजून राग आला की त्यांच्या इंग्रजीतून ती बाई बोलायला लागते.

९ जानेवारी

सरकारांनी अभ्यासिकेत बोलावून घेतलं. सात वर्षं पूर्ण झाली की राजघराण्यातला मुलगा बायकांच्या हातून पुरुषांच्या हाती जातो, हे मला माहीत होतंच. ग्लेबला या महिनाअखेर सात पूर्ण होतील, आणि कॅप्टन लुनिन म्हणून कोणी आरमारातले गृहस्थ नेमून ठेवलेत. पण त्यांना रशियनखेरीज काही येत नाही. ग्लेबला ती येत नाही. म्हणून माझं जाणं लांबलंय!

"ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या पहिल्या आठवड्यात त्याचं पहिलं पापनिवेदन आहे," सरकार म्हणाले. "धर्मगुरूंसमोर रशियनमध्ये धड बोलला, की कॅप्टनना बोलावतो. मग तुम्ही मोकळ्या." आवाज गोड होता. वर शिकवायचंही मीच. म्हणजे मला हाकलण्याची तयारी माझ्याच हातून.

राणीसरकार छातीच्या दुखण्यानं कायमच्या क्रिमियात. पोर जन्मल्यापासून माझ्याच अंगाखांद्यावर. मोकळी होऊन मी करू काय?

१२ जानेवारी

रशियनचा तास. मी चुकीचं बोलते, तो माझं चुकीचं इमानेइतबारे उचलतो. माझ्या मनात आलं, बरंय की. मग स्वतःचीच लाज वाटली.

१९ जानेवारी

हे लिहायलाच हवं.

दुपारी ग्लेबचा मफलर शोधत मागच्या बोळात गेले. तिथं अकीम भट्टीत लाकडं सारत बसलेला असतो. महालातल्या सगळ्या शेगड्या त्याच्याकडे. भिंतीएवढ्या मोठ्या शेगडीआडून बोलणं ऐकू आलं. एक आवाज अकीमचा. दुसरा ग्लेबचा. रशियन!

आणि कसली रशियन! फाडफाड. आजीसाहेबांचं मांजर मुदपाकखान्यातून मासा घेऊन कसं पळालं, त्यामागे आचारी कसा धडपडला — आचाऱ्याच्या शिव्यांसकट. अकीम हसून हसून खोकत होता. "हळू, छोटे सरकार, हळू. वर ऐकू गेलं तर माझी पाठ सोलतील."

"वर कोणाला सांगायचं नाही हां, अकीमकाका. शपथ घेतलीयस तू."

"घेतलीय रे बाबा. पण बापाला फसवायचं म्हणजे..."

"फसवत नाहीये. नॅनीला ठेवून घेतोय."

मी मफलर न घेताच परत आले.

२० जानेवारी

सरकारांना सांगितलं नाही. आजही नाही.

२३ जानेवारी

शेवटी आंघोळ घालताना विचारलं. डोक्यावर फेस, डोळे मिटलेले — तेव्हा तो खोटं बोलत नाही.

"तुला रशियन येते."

त्यानं फेस पुसला. मग म्हणाला, "तुला पण एक भाषा येते. कोणाला सांगत नाहीस. प्रार्थना करतेस त्यात. ती इंग्रजी नाहीये."

तोंडात मारल्यासारखं झालं. नाही, ती इंग्रजी नाही. ती वेल्श, माझ्या गावाकडची, आणि ही वहीही वेल्शमध्येच लिहितेय, म्हणून तर उघडी टाकून जाते. लहानपणी शाळेत वेल्श बोललं की गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे; दुसरं कोणी बोललं की ती त्याच्या गळ्यात. दिवस संपताना पाटी ज्याच्या गळ्यात, त्याला छड्या. मी पुष्कळ खाल्ल्या. मग इंग्रजी अशी घोटली की तिच्या जोरावर राजाच्या घरात नोकरी लागली. इथं सगळे मला अस्सल इंग्रज बाई समजतात आणि मी समजू देते.

"माझं वेगळं आहे," मी म्हणाले.

"कसं वेगळं?"

पाणी ओतलं डोक्यावर.

२८ जानेवारी

सातवा वाढदिवस. सरकारांनी तट्टू दिलं. पाठीवर थोपटलं, पण बोलले काही नाहीत. हल्ली बोलतच नाहीत त्याच्याशी. कळणार नाही अशा मुलाशी किती बोलायचं, असं झालं असेल.

दुपारी घरचे धर्मगुरू फादर इयोना आशीर्वाद द्यायला आले. म्हणाले, सातव्या वर्षापर्यंत मूल देवदूतासारखं असतं. आता मात्र आपल्या पापांचा जाब आपण द्यायचा. माझ्या तोडक्यामोडक्या रशियनच्या जोरावर मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं, तेव्हा ग्लेबनं पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला. नाटकी कार्टं!

ते गेल्यावर मला हळूच म्हणाला, "म्हणजे कालपर्यंतचं खोटं धरत नाहीत?"

"बहुतेक नाही."

"आणि आजचं धरतात?"

"हो."

केक तसाच टाकून उठला.

३ फेब्रुवारी

आजीसाहेबांनी मार्ग काढला. लंडनच्या वकिलातीत राहून आलेले एक धर्मगुरू शहरात आहेत, त्यांना उत्तम इंग्रजी येते. ग्लेबनं त्यांच्यापुढे इंग्रजीतच पापनिवेदन करावं. "मुलाचा आत्मा महत्त्वाचा, व्याकरण नव्हे," म्हणाल्या. सरकारांनी खांदे उडवले. म्हणाले, "करा काय ते. कॅप्टनना पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! माझा जीव भांड्यात पडला. खोलीत येऊन चक्क हसले मी.

ग्लेब हसला नाही. आपल्याला हवं तेच झालं तरी हसला नाही.

७ फेब्रुवारी

उपासाआधीचा शेवटचा दिवस. सगळं घर तुपात न्हालेलं, ब्लिनीवर ब्लिनी, म्हणजे इथली धिरडी. सरकारांचा पुतण्या आला होता, ग्लेबच्याच वयाचा, तोंडाळ. जेवताना सरकार खुलले. लहानपणी आपल्याला एका बकरीनं भर परेडमध्ये कसं लोळवलं, ते सांगायला लागले — उठून, हातवारे करून, बकरीचा आवाज काढून. मलाही निम्मं कळलं आणि हसू आवरेना. पुतण्या तर खुर्चीवरून पडायच्या बेतात.

सरकार सगळं त्या पुतण्याकडे बघून सांगत होते.

मी ग्लेबकडे पाहिलं. त्याला हसायची बंदी होती. त्याला कळत नव्हतं ना! ताटाकडे बघत, गाल आतून चावत, लाकडासारखा बसला होता. कान लाल. आणि बकरी टोपी खाते तिथं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसण्याचं नव्हतं ते.

"इंग्रज साहेबांना आवडलं नाही वाटतं," पुतण्या म्हणाला. सरकार चटकन म्हणाले, "राहू दे रे. त्याला नाही समजत."

इतक्या हळुवारपणे म्हणाले की मला जेवण गेलं नाही. हे पोर मला ठेवून घेण्यासाठी बाप गमावतंय. आणि मी हे रोज दोन्ही वेळेला समोर बसून बघतेय. पगार घेऊन!

९ फेब्रुवारी

उपास सुरू. सगळीकडे उकडलेली मशरूम आणि शांतता. फिरायला नेलं तेव्हा बोलले त्याच्याशी.

"बाबांना सांगून टाक."

"मग तू जाशील."

"जाईन."

"कुठे?"

"घरी. डोंगर आहेत तिकडे. बहीण आहे."

"तिला मुलं आहेत?"

"आहेत."

"मग तू त्यांना आंघोळ घालशील." एवढं बोलला आणि माझा हात सोडून पुढं चालत राहिला. मला वाटतं, सगळ्यात त्याला तेच लागलं.

११ फेब्रुवारी

आपणच सरकारांना सांगावं, पोरावर ओझं नको, असं ठरवून अभ्यासिकेपर्यंत गेले. दार अर्धं उघडं होतं. सरकार एकटेच खिडकीशी उभे होते. मी कडीला हात लावला. मग परत फिरले आणि त्याच्या मोज्यांना रफू करत बसले, जणू मोजे फार महत्त्वाचे होते. भित्री. दुसरा शब्द नाही. उद्या तो इंग्रजीत काहीबाही सांगेल, आणि मी राहीन, आणि मला ते गोड लागेल. त्याचीच भीती वाटतेय.

१२ फेब्रुवारी

पापनिवेदनाला जाण्याआधी इथं घरातल्या प्रत्येकापुढं वाकून क्षमा मागतात. ऐकणाऱ्यानं उत्तर द्यायचं ते ठरलेलं. ग्लेब सकाळी सरकारांच्या खोलीत गेला आणि कितीतरी वेळ बाहेर आला नाही. दाराआडून एकदा बकरीचा आवाज ऐकू आला. मग कोणीतरी मोठ्यानं हसलं — मग दोघंही. मी मोज्यांकडे बघत बसले.

बाहेर येऊन तो आजीसाहेबांकडे गेला, आचाऱ्याकडे, अकीमकडे. माझ्याकडे सर्वांत शेवटी. जमिनीला हात टेकवून वाकला, आणि माझ्याशी जन्मात पहिल्यांदा आपणहून रशियनमध्ये बोलला.

"नॅनी, मला क्षमा कर. मी खरं सांगितलं."

ठरलेलं उत्तर मीही रशियनमध्येच दिलं. देव क्षमा करील, म्हणाले.