रेघ मारलेलं शून्य

हातखंबा, ता. रत्नागिरी
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय तुळसा,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर बघून पोस्टमनला वाटलं, कोर्टाचं समन्स आहे. इतकी वर्षं मुंबईत काढलीस, पण अक्षर मंडणगडच्या वाटेसारखं वाकडं ते वाकडंच! आम्ही खुशाल. यांची रत्नागिरीतली कचेरी आणि माझी शाळा चालू आहे. भात कापणीला आलंय. झाल्या चौकशा. आता मुद्द्याचं लिहिते, मला दम निघत नाही.

आपल्या कंपनीचं जुनं कॉम्प्युटर मशीन मोडीत निघणार हे वाचून वाईट वाटलं. आणि नव्याला कार्डंच लागत नाहीत? मग तुम्ही हातात धरता तरी काय? आपण प्रोग्राम उचलून न्यायचो, भोकं पाडलेल्या कार्डांची पेटीच्या पेटी, तान्हं मूल न्यावं तशी जपून. चुकलेलं कार्ड काढायचं, नवं घालायचं, की झालं. आता चूक काढता कुठून? सकाळी दिलेल्या कामाचं उत्तर संध्याकाळी यायचं. तोवर चहा पीत आपली चूक आपणच डोक्यात हुडकायचो. तू म्हणतेस, आता उत्तर लगेच पडद्यावर येतं. मग विचार कधी करता गं?

'प्रत्येकीला स्वतःचं टर्मिनल मिळालंय' हे वाक्य मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "या वयात तुळसाबाई परीक्षेला बसल्या?" आमच्या शाळेत टर्मिनल म्हणजे सहामाही! मी पोट धरून हसले, पण खरं तर मलाही नीटसं ठाऊक नव्हतं. टाइपरायटरचं आणि टीव्हीचं लग्न लावलं की होतं तेच ना?

आणि ते व्हर्च्युअल स्टोरेज. तू लिहिलेलं तीनदा वाचलं. मशीनमध्ये खरी जागा थोडी, पण प्रोग्रामला वाटतं जागाच जागा. आत्ता नको ते बाहेर ठेवायचं, लागलं की आत घ्यायचं. बरोबर? मग हे आमच्याकडे दरवर्षी गणपतीत होतं. दोन खोल्यांत पंचवीस माणसं. जेवणारे आत, जेवून उठलेले पडवीत. घर किती लहान आहे ते कोणाला कळतच नाही.

राहता राहिला आपल्या जुन्या साहेबांचा निरोप. माझा गोदामातल्या मालाचा प्रोग्राम अजून चालतोय, तो नव्या मशीनवर न्यायला मशीनची जुनी कोबॉल भाषा जाणणारं माणूस हवंय, जानेवारीत मुलाखत दिली तर जागा मिळेल. तुळसा, हे वाचून मी उठून उभी राहिले आणि परत बसले. नोकरी सोडून दहा वर्षं झाली गं. त्या दिवसांतलं माझ्यापाशी एकच उरलंय, शून्यावरची रेघ. इंग्रजी 'ओ' आणि शून्य यांची गल्लत होऊ नये म्हणून आपण कोडिंगच्या कागदावर प्रत्येक शून्यावर तिरकी रेघ मारायचो, आठवतं? हाताची ती खोड गेलीच नाही. परवा गणिताच्या पेपरावर ऐंशी मार्क लिहिले, तर दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील, भिकाजी, शाळेत हजर. "बाई, ऐंशीतलं शून्य खोडलंत कशाला वो? पोरीला आठच दिलेत काय?" मुख्याध्यापकांनी तंबी दिली, शून्य साधं काढत जा. काढते. पुढच्या ओळीत रेघ पुन्हा पडते.

सासूबाईंची तब्येत विचारली आहेस. त्याबद्दल पुढच्या पत्रात. कागद संपत आलाय. नव्या मशीनच्या पुस्तकाची थोडी पानं झेरॉक्स करून पाठव. विसरलीस तर बघ.

तुझी उतावळी,
राही


हातखंबा
९ डिसेंबर १९८६

प्रिय तुळसा,

पानं मिळाली, आणि सोबतची कानउघाडणीही. 'प्रश्न पुरे कर. मुलाखतीला येतेस का, होय की नाही, एवढंच कळव. आणि सासूबाईंकडे मागे कोण बघेल तेही ठरव.'

कोणी बघायला नको. आई आषाढात गेल्या.

मागच्या पत्रात लिहवलं नाही. लिहिलं असतं तर तू लगेच विचारलं असतंस, मग आता अडलंय कुठे? आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना लकवा झाला म्हणून आम्ही दोन महिन्यांसाठी मुंबई सोडली आणि इथलेच झालो. लोक म्हणायचे, येसूबाईपायी सुनेची नोकरी गेली. आता आई नाहीत, तर कळतंय की मला भीती वाटते. मुलाखतीत तोंड उघडेन आणि काहीच येत नसेल, याची.

आणि लोकांना एक ठाऊक नाही. या गावात माझ्या मशीनची चौकशी करणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे आई. कधी शाळेची पायरी चढल्या नाहीत. संध्याकाळी त्यांचं अंग पुसून झालं की म्हणायच्या, "सांग गो, तुझी ती गिरण काय दळायची?" आकडे आत, हिशेब बाहेर, म्हणून ती गिरण. मी सांगायची आणि त्या शंका काढायच्या. "गिरण मधीच बंद पडली तर अर्धं पीठ आत ऱ्हातं. तुझं आकडं मंग कुठं जातात?" दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांना पाढे घालून आईंसाठी उत्तर जुळवत बसायची. अख्खा प्रोग्राम मी त्यांना असा तुकड्या-तुकड्यांनी कितीदा सांगितला असेल. आता कोणी विचारत नाही. मला त्यांची फार आठवण येते गं.

तुझी पानं घेऊन बसले तर पहिल्याच पानावर डोकं बधिर झालं. मग सवयीने मोठ्याने सांगायला लागले, त्यांच्या रिकाम्या बाजेकडे बघून. "आई, आता कार्डं नाहीत बरं का." अडलं तिथे त्यांनी जे विचारलं असतं तेच स्वतःला विचारलं. आणि समजलं, तुळसा! गिरण मध्येच थांबली तर आकडे कुठे राहतात, त्याचंही उत्तर त्या पानांत आहे. ते सांगायला आता आई नाहीत. पानं बाजूला ठेवून पोटभर रडले.

तू सहज लिहिलंस की तुमच्या पडद्यावर शून्याला रेघ आपोआप येते, म्हणजे आपली खूण मशीननेच उचलली. ते वाचून आईंचं एक बोलणं आठवलं. मी बाजेशी बसून पेपर तपासत होते. त्या म्हणाल्या, "काय गो, ता गोल खोडलंस कशाला?" मी कारण सांगितलं. तर म्हणाल्या, "मंग ता खोडलेलं नाय. दुसरं कोन समजू नये म्हनून खूण हाय ती."

साहेब विचारतील, मधली दहा वर्षं काय केलंत? मला वाटायचं, शून्य म्हणावं लागेल. आता फळ्यावर दहाचा आकडा काढीन आणि त्यातल्या शून्यावर रेघ मारीन. ती वर्षं खोडलेली नाहीत, हे त्यांना कळायला हवं.

यांना सांगितलं. म्हणाले, "भात मला येतो, कालवण शिकीन." मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिठ्यावरून एसटी धरते. स्टँडवर उतरवून घ्यायला ये. प्रश्न पुरे करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. विचारायची सवय मला सासूने लावली आहे.

होय.

तुझी,
येसूबाईची सून
राही