दारावरचा उपाय अंगठ्यावर

तीर्थरूप दादांना,

धाकट्याचा एका हाताने केलेला साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता वाकते का आणि वहिनींचा खोकला थांबला का, ते कळवा. मजकूर माझा आहे, अक्षर तुमच्या भावजयीचं. कंसात ती काही घुसडेल, तिकडे दुर्लक्ष करावं. (वाचावंच, भाऊजी.)

झालं असं, की शाळेच्या बाकांना रंधा मारताना उजव्या अंगठ्यात लाकडाचं कुसळ शिरलं. क्षुल्लक बाब. पण सकाळी बघतो तर अंगठा लाल, गरम आणि टम्म. आता माझा जन्म सुतारकामात गेला, फुगलेली दारं मी किती वठणीवर आणली असतील! दार फुगतं ते ओल धरल्याने. म्हणून अंगठा कोरड्या भुशात पुरून बसलो. तरी उतरेना, तेव्हा शिकंज्यात धरून हलकेच आवळला. (हलकेच! शेजारीण चपला न घालता धावत आली.) तासून बघण्याचा विचारही मनात आला होता. (रंधा मी लपवला.)

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सूज हा शत्रू नाही म्हणे, बंदोबस्त आहे! जंतू शिरले की तिथल्या पेशी बोंब ठोकतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली नि ऊब. त्यांतून पाणी झिरपतं, ती सूज. त्याच वाटेने पांढऱ्या पेशी धावत येतात, जंतू गिळतात नि तिथेच मरतात, तो पू. आणि ठणका का, तर मी अंगठा वापरू नये म्हणून. माझ्याच अंगठ्यात एवढं काम काढलंय आणि मालकाला कुणी विचारलं नाही! बरं, एवढी फौज जमूनही कुसळ जागच्या जागी. आमच्या गल्लीतला पाइप फुटला तेव्हाही रस्ता खणला, माणसं जमली, पाणी वाहतच राहिलं. बाई म्हणाल्या, फौजेला लाकूड गिळता येत नाही, ते चिमट्यानेच काढावं लागेल. मी म्हटलं, बघू, सध्या कामं फार आहेत.

एकूण प्रकृती उत्तम. काळजी नसावी.

आपला,
धाकटा

ता. क. (भावजयीचा): कामं बंद आहेत. ह्यांना खिळासुद्धा धरवत नाही. चिमटा बघताच दवाखान्याच्या मागच्या दाराने घरी आले. लाल रेघ मनगटापर्यंत चढली आहे. आजच्या आज काढलं नाही तर विष अंगात पसरेल, असं बाईंनी बजावलंय.

ता. क. (माझा): ती म्हणते ते खरं आहे. मला भीती वाटते, दादा. लहानपणी काटा मोडला की तुम्ही गोष्ट सांगत सांगत काढायचात. पत्र आणणारा आपला लाकडाचा टेम्पोवाला तुमच्या दारात थांबेल, त्याच्याच शेजारी बसून या. गोष्ट कुठलीही चालेल, फक्त लांबलचक असू द्या.