रेडिओतले बाबा

८ जानेवारी १९७३, सोमवार. राहुरी
१. रेडिओची जाळी चोंदली, आवाज बसला.
२. मागचं झाकण काढलं. आत वाळलेला भात.
३. दादाची छकू म्हणाली, "बाबांना घास दिला."
४. तिला सेल, तारा, स्पीकर दाखवले. आत माणूस नसतो, हे सांगितलं.
५. झाकण लावलं. रेडिओ उत्तम चालतो. छकू जेवत नाही.

रेडिओ लावल्याशिवाय छकू जेवायला तोंड उघडत नसे. आम्ही लाड समजत होतो. वहिनीने सांगितलेलं, "बाबा दिल्लीला." आणि सकाळच्या बातम्या दिल्लीहून येतात. चार वर्षांच्या पोरीचं गणित, पण पायऱ्या बरोबर.

९ जाने.
बातम्या लावल्या. छकूने घास गालात धरला, मग काढून ताटलीत ठेवला. शेजारच्या गंगूमावशी दारातून, "दुष्काळात लोकं रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर गोड करून खात्यात, अन् हिला जेवताना बाजा लागतोय व्हय!"
वहिनी हसली नाही. नंतर मला म्हणाली, "मातीत काय आहे अन् काय नाही, ते तुमच्या प्रयोगशाळेत सांगा, वन्सं. पोरीला सांगायची काय घाई होती?"


११ जाने.
पहाटे स्वप्न. दादा बातम्या वाचत होता. कालवे, पाऊसपाणी, मग छकूचं नाव. मी बटण फिरवत होते आणि तो लांब लांब जात होता, धरणाच्या पाण्यावरून चालल्यासारखा. जागी झाले तर खिडकीत धुकं. आवाज तेवढा थोडा वेळ खोलीत तरंगत राहिला. तो दादाचा होता की बातम्या देणाऱ्याचा...
दादाचा आवाज मलाही आता नक्की आठवत नाही.

१३ जाने.
छकूने थोडा ताकभात खाल्ला. वहिनीच्या मांडीवर, डोळे मिटून. रेडिओ बंद. मधेच,
"आत्या, मग बाबा कुठं आहेत?"
"दिल्लीत."
"तू बघितलंस?"
बघितलेलं नाही. दिवाळीला तो आला नाही, त्यानंतर पत्रही नाही. वहिनी ताटलीतली शितं वेचत राहिली, खाली न बघता.

१४ जाने., संक्रांत
दादाला अंतर्देशीय पेटीत टाकलं. वहिनीला सांगितलेलं नाही. लिहिलं ते एवढंच :
"छकूचं खाणं तुटलं आहे. ती तुला शोधते. वहिनी विचारणार नाही, म्हणून मी विचारते. तू येणार आहेस का? येणार नसशील तर तसं लिही. तिला काय सांगायचं ते मला ठरवावं लागेल. ३१ तारखेपर्यंत कळव."