बंधाऱ्यावरची साक्ष

४ जानेवारी, रविवार

आज पहिल्यांदा नवऱ्याबरोबर, अविनाशबरोबर, त्याच्या नव्या मंडळीत गेले. पाथर्डी फाट्याजवळ, टायरच्या दुकानावरचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक गिटार, पुढे पाळक ब्रदर योहान. भिंतीवर काहीच नाही, क्रूसही नाही. एवढं पप्पांना आवडलं असतं.

प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट ओळीतून आलं. शेजारच्या बाईंनी एक तुकडा घेतला आणि ताट माझ्यासमोरून पलीकडे दिलं. हळूच म्हणाल्या, "ताई, बुडून बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतं. मनाला लावून घेऊ नका."

अविनाशलाही मिळालं नाही. मान खाली घालून बसला होता. चेहऱ्यावर अपमान नव्हता. भूक होती.

५ जाने., सोमवार

पप्पांना सांगितलं. माझे वडील बत्तीस वर्षं प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते, आता आमच्याकडेच राहतात. पेपर खाली ठेवला नाही.

"तो पाळक स्वतःला काय म्हणवतो?"

"रिफॉर्म्ड बॅप्टिस्ट."

"म्हणजे अर्धा आमचा. देवाने आधीच निवडलंय, हे मानतो?"

"मानतो."

"माणूस आपल्या बळावर तरत नाही, हे?"

"तेही."

"मग भांडण पाण्याचंच. किती, आणि कधी." पान उलटलं. "पाचशे वर्षांपूर्वी युरोपात माणसं यावरून बुडवली आहेत. खरोखर. हातपाय बांधून."



११ जाने., रविवार

जेवताना अ.ने सांगून टाकलं. पंचवीस तारखेला बाप्तिस्मा घेतोय, बुडून.

पप्पांनी हात धुतले, पुसले. अ.चा बाप्तिस्मा त्यांनीच केलेला. मिरजेकडच्या चर्चमध्ये, आमच्या दोन्ही घरांची तीच मंडळी.

"तीन महिन्यांचा होतास. माझ्या बाहीवर ओकलास."

"तेच म्हणतोय, पप्पा. मला आठवत नाही."

"जन्म आठवतो?"

अ. हसला. पप्पा हसले नाहीत. "देवाचा करार लेकरांशीही आहे. तू हो म्हणायच्या आधी देव हो म्हणाला. त्याला तू आता विचारणार, तुझं हो धरायचं की नाही?"

"आधी विश्वास, मग पाणी. मी एवढंच वाचतो."

"आणि लग्न लावलं मी, तेव्हा तू कोण होतास?"

आमची मुलगी रूथ दोघांकडे बघत होती. आठ वर्षांची आहे, सगळं कळतं. "माझा पण खोटा का, डॅडी?"

मी तिला आणखी भात वाढला. तिने मागितला नव्हता.

१८ जाने., रविवार

हॉलच्या मालकाला बाप्तिस्म्यासाठी हौद बांधलेला नको. शहरात गोदावरीच्या घाटांची कामं चालू, सगळीकडे पत्रे आणि जेसीबी. म्हणून हरसूलच्या रस्त्याला एक बंधारा शोधलाय. अ.बरोबर बघायला गेले. रूथही. पाणी हिरवं, हलत नाही. काठावर म्हशींच्या खुरांचे खड्डे.

मोटरसायकलवरचा एकजण थांबला. लाल टाकी, पुढच्या चाकाला मडगार्ड नाही.

"कुठले तुम्ही?"

"नाशिकचे," अ. म्हणाला.

"मासं धरायला?"

"नाही. पुढच्या रविवारी प्रार्थना आहे आमची. इथे."

"पाण्यात?"

"हो."

"बरं बरं." गाडी चालू केली नाही. आम्ही निघेपर्यंत तिथेच. वळणावरून मागे पाहिलं तर आमच्या गाडीचा फोटो काढत होता. किंवा पाण्याचा.

अ. म्हणाला, "तुला सगळीकडे धोकाच दिसतो."

२१ जाने., बुधवार

अ. गॅलरीत साक्ष म्हणून बघतोय. पाण्यात उतरण्याआधी आपण विश्वासात कसे आलो ते प्रत्येकाने सगळ्यांपुढे सांगायचं असतं. आमच्याकडे असं नाही. आमच्याकडे पाळक बोलतात, आईबाप वचन देतात, बाळ रडतं.

सुरुवात: "मी ख्रिस्ती घरात जन्मलो, पण आजपर्यंत मी ख्रिस्ती नव्हतो."

म्हटलं, हे पहिलं वाक्य काढ.

"का? तेच तर सांगायचंय."

"आपल्या माणसांत सांग. उघड्यावर नको."

"साक्ष उघड्यावरच असते."

पप्पा आत खुर्चीत होते. ऐकू गेलं असणार. रेडिओचा आवाज वाढवला.

२५ जाने., रविवार

झालं.

पप्पा घरीच थांबले. रूथला त्यांच्याजवळ ठेवलं. मी टॉवेल, थर्मास, कोरडे कपडे घेऊन गेले. एवढं बायकोने करायला हरकत नाही.

बाप्तिस्मा घेणारे चौघेजण होते. ब्र. योहान आधीच कमरेइतक्या पाण्यात. थंडीने ओठ निळे पडलेले, तरी विनोद: "लवकर या रे. तुमच्यातला जुना माणूस मरायचाय, पाळक नाही."

अ. तिसरा. साक्ष दिली. आवाज मोठा, शाळेतल्या मुलासारखा. "आजपर्यंत मी ख्रिस्ती नव्हतो. आज या पाण्यात..." मग काही शब्द अडकले. ब्र. यो.नी पाठीला हात लावला, मागे झुकवलं. अ. पूर्ण दिसेनासा झाला.

वर आला तो रडत. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर पाहिला नव्हता. लग्नातही नाही. हे लिहून ठेवते.

बंधाऱ्यावर पाच-सहाजण उभे होते. लाल टाकीची मोटरसायकल होती. दोघांचे फोन वर. ब्र. यो.नी हात जोडले, "या, चहा घ्या." एकजण म्हणाला, "नाय नाय, चालू द्या. बघतोय नुसतं."

घरी पप्पांनी अ.ला एवढंच विचारलं, "पाणी गार होतं?"

"फार."

"आलं टाकून चहा कर गं त्याला."

२७ जाने., मंगळवार

खालच्या शिंदेकाकू फोन घेऊन वर आल्या. "अगं, हे तुझे मिस्टरच ना?"

तेच. बंधाऱ्यावरचा चाळीसेक सेकंदांचा व्हिडिओ. चेहरा स्पष्ट, आवाज त्याहून स्पष्ट. वर लाल अक्षरांत: काल कोण होता, आज कोण झाला. कुणी केला?

"मला कळेना," काकू म्हणाल्या, "हे आधी नव्हते का ख्रिश्चन? मग दर नाताळला केक कसला येतो आमच्याकडे?"

समजावायचा प्रयत्न केला. लहानपणी शिंपडलेलं, मोठेपणी बुडवलेलं. काकूंनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे तुमचं तुमच्यातच आहे."

"हो."

"मग तसं सांगून टाका की. लोक भलतंच समजतायत." जाताना दारात थांबल्या. "आमच्या भावकीच्या ग्रुपवर आलं हे. सटाण्याच्या. इतक्या लांब."

२९ जाने., गुरुवार

सकाळी फाटकासमोर लाल टाकी. मडगार्ड नाही. मी कॉलेजला निघाले तेव्हा होती, आले तेव्हाही. माणूस दिसला नाही.

ब्र. यो.ना काल चौकीवर बोलावलं. माणसं बाटवतो अशी तक्रार. अजून सोडलेलं नाही. त्यांची बायको मार्था हिचा फोन. रडत नव्हती, पाठ केल्यासारखं बोलत होती.

"ताई, बाकी तिघांनी लिहून दिलं, आम्ही जन्माने ख्रिस्ती. त्यांचं कुणी रेकॉर्ड केलं नव्हतं. अविनाशभाऊंचं वाक्यच सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. त्यांनी येऊन एवढंच म्हणायचं, मी आधीपासून ख्रिस्ती आहे. मग यांना सोडतील."

"ब्रदर काय म्हणतात?"

"ते म्हणतात, अविनाशला सांगू नकोस काय बोलायचं. मी सांगतेय."

अ.ला सांगितलं. कपाटासमोर उभा होता. कपाट उघडं, बघत काहीच नव्हता.

"एक वाक्य आहे," मी म्हटलं.

"तू साहित्य शिकवतेस. एक वाक्य म्हणजे केवढं असतं, तुला माहीत आहे."

३० जाने., शुक्रवार

चौकीतून फोन. उद्या सकाळी या. येताना जुनं कुणी माहितीतलं असेल तर आणा.

पप्पा म्हणाले, "मी येतो. मीच केलाय त्याचा बाप्तिस्मा. माझ्याहून जुनं कोण?"

अ. म्हणाला, "तुमच्या मनासारखंच झालं, पप्पा. पोलिसांसमोर मी तुमचा बाप्तिस्मा मान्य करायचा."

वाटलं, पप्पा चिडतील. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "मान्य व्हावा असं वाटत होतं. असा नको होता."

"नावापुरता होतो, असं म्हटलं तर?" मी.

"त्यांना तेच हवंय," अ. म्हणाला. "नावापुरता होता, मग योहानने खरा केला. ते हेच तर म्हणतायत. आणि खरंही तेच आहे. त्या पाण्यात उभा राहून जे बोललो ते पाच दिवसांत परत घेऊ? मग मी बुडलो कशासाठी?"

"योहानसाठी घे परत," पप्पा म्हणाले.

हे पप्पा म्हणाले. ज्या माणसाचं नाव त्यांनी आजवर तोंडातून काढलं नव्हतं.

अ. रूथच्या खोलीत जाऊन बसला. ती चित्र रंगवत होती.

३१ जाने., शनिवार

पप्पांनी कपाटातून पाळकाचा पांढरा गळपट्टा काढून घातला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. मानेला सैल झालाय. मागून मी पिन लावून दिली.

रूथने विचारलं, "डॅडी काय सांगणार?" मी तिचे केस विंचरत राहिले.

दारात पप्पा अ.ला म्हणाले, "मी सांगेन, हे लेकरू माझ्या हातातलं आहे. ते खरं आहे. त्याच्यापुढे तू काय सांगशील?"

"विचारू देत आधी."

"विचारणारच आहेत."

अ.ने खाली वाकून पप्पांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

दोघे रिक्षात बसले. पप्पांची काठी मध्ये, उभी. मी गॅलरीतून बघत होते. खाली काकूही ओट्यावर आल्या होत्या. फाटकासमोर आज काहीच उभं नव्हतं, आणि मला क्षणभर बरं वाटलं.

रिक्षा कोपऱ्यावर वळली. मग पलीकडच्या गल्लीतून लाल टाकी निघाली आणि तिच्यामागे वळली.