धुक्यातल्या ओळी

मंगळवार, दि. १२, सकाळ

मुलीच्या बाबांस,

साष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहोत.

तुमच्याकडून आलं ते असं: औषधाच्या दोन बाटल्या (एक गळकी), मुलीचा स्वेटर आणि जमिनीचे कागद. टपालहशील बावीस रुपये. त्याच दिवशी बियाण्याचं पोतंही आलं, गाडीभाड्यासकट सहाशे चाळीस. ते तुम्ही पाठवलेलं नाही. मी मागवलं.

स्वेटर मोठा होतो, पण बाह्या दुमडल्या की दोन वर्षं निघतील. सकाळी धुकं इतकं असतं की विहिरीपाशी पोचून मागे पाहावं तर घर पुसलेलं.

कागद वाचले. दोन वर्षं धाकट्या भावाने शेत राखलं, म्हणून ते त्याच्या नावावर करायचं, असं तुम्ही लिहिता. राबेल त्याला मिळावं, हे तुमचं म्हणणं अगदी न्यायाचं. फक्त नाव चुकलं आहे.

भावजींची पाठ दोन वर्षांपूर्वीच धरली. तेव्हापासून ते बांधावर बाज टाकून हुकूम सोडतात. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, पेरणी-खुरपणी-कापणी मी आणि धाकटी जाऊ करतो. मी मात्र लिहीत राहिले, भावजींनी पेरलं, भावजींनी कापलं. देवासमोर खोटं बोलले नाही, टपालात बोलले. परमुलखात तुम्हाला घोर नको, असं मनाला सांगायची. खरं म्हणजे तुम्ही 'नको' म्हणाल याची भीती होती.

पहिल्या पेरणीला असंच धुकं होतं. पलीकडचा बांध दिसेना, म्हणून हातात जपमाळ घेतली. पावलाला एक मणी, एक नाम, एक मूठ बी. एकशे आठ झाले की वळायचं. पाय जमिनीला लागत नव्हते जणू. कुणाची बायको, कुणाची आई, काही आठवेना. नुसता मातीचा वास आणि नाम. पंधरा दिवसांनी कोंब आले, तर टोकाचा वीस पावलांचा पट्टा कोरडा ठणठणीत!

भावजी बाजेवरून म्हणाले, "वहिनी, शेत आखताना देवाने तुमची माळ मोजली नव्हती हो!"

धाकटी म्हणाली, "तुम्ही हसा. उरलेल्यात मी भाजी लावते."

आणि लावली. मी पाठवलेल्या ज्या भाजीच्या पैशांतून तुम्ही नवा चष्मा केलात, ती हीच.

काल कागद दाखवले, तर भावजी मान खाली घालून म्हणाले, "दादाला खरं कळवा. मला फुकटची शाबासकी पचत नाही." धाकटी भांडी घासत म्हणाली, "ताई, ह्यांच्या नावावर झालं तरी खुरपायला मीच ना? मग दोघींची नावं घाला की!" ती थट्टेत बोलली. मी नाही.

साक्षीदार म्हणून तुम्ही माझी सही मागितलीत. ती मी केलेली नाही. नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेल्याची ही पहिलीच वेळ, देव क्षमा करो. कागद बिनसहीचेच परत पाठवते आहे. आम्हा दोघींची नावं घालून नवे करा.

ओल आहे तोवर, सोमवारी पेरणार. तुम्ही रागावलात तरी पेरणार. पण तुमचा होकार खिशात असला तर पाय हलके पडतील. जे काय असेल ते उलट टपाली कळवा, आणि या वेळी पत्रावर भावजींचं नको, माझं नाव घाला.

तुमची,
दोन हंगामांची शेतकरीण